देवाचा वाफा

९ ऑगस्ट

अक्षरा,

मायना काय लिहावा यावर अर्धी दुपार गेली. ‘सप्रेम नमस्कार’ लिहिलं असतं तर तू हसली असतीस, आणि ‘प्रिय’ लिहावं तर दोन वर्षांत एकदा तरी चौकशी केलीस का म्हणाली असतीस. तेव्हा नुसतं अक्षरा. तू या घरातले सगळे नंबर बंद करून टाकलेस, त्यात तुझ्या अप्पांबरोबर मीही गेले. गव्हाबरोबर किडे रगडले जातात तसं झालं. म्हणून टपालाने लिहीत आहे. इस्लापूरच्या बाजाराला जाईन तेव्हा पेटीत टाकीन. फोनवर बोलायचं तर या घरात भिंतीला कान नाहीत, अप्पांना आहेत.

घरी सगळे बरे आहेत. तुझ्या अव्वांची कंबर तशीच. तुझा दादा टेम्पो घेऊन एक दिवसाआड नांदेडला येतो, म्हणजे तुझ्या गावात, आणि तिथून मुकाट्याने परत येतो.

बरं नाही ते भात. यंदा ढेंचाचं बी उशिरा मिळालं. हिरवळीचं खत म्हणून तो कोवळा असतानाच चिखलात गाडायचा असतो, तुला माहीत आहे. यंदा गाडेपर्यंत त्याची काठी झाली होती. मी म्हटलं, अप्पा, हे कुजायला वेळ लागेल, लावणी थोडी पुढे ढकलू. ते म्हणाले, “तलावाचं पानी काय तुज्या कालेजच्या पुस्तकावर सुटतंय?” लावणी झाली. आता ती काष्ठं चिखलात कुजत बसली आहेत आणि रोपांच्या वाटचं सगळं तीच खाऊन टाकत आहेत. मोठं वावर पिवळं पडलंय. बांधावर ‘नागप्पा सेंद्रिय भात उत्पादक गट’ ही पाटी, तिच्यावर अप्पांचा फेटा बांधलेला फोटो, आणि फोटोच्या पायाशी कावीळ झालेलं भात. जाणारा येणारा थांबून बघतो.

मोठ्या वावराच्या वर काय आहे? आपलाच देवाचा वाफा. तो छान आहे. आणि आपल्या खाली तुझ्या सासूबाईंचं, नागुमावशींचं वावर, ते तर नजर लागेल असं हिरवं. त्यांच्याकडे दोन म्हशी आहेत, शेळ्या आहेत, घरचं शेणखत, लेंडीखत आहे. आपल्याकडे गोठ्यात टेम्पो उभा असतो. टेम्पो शेण देत नाही.

परवा अप्पांनी इस्लापूरहून दोन पोती आणली, वर ताडपत्री टाकून. विचारलं तर म्हणाले, “पेंड हाय निंबोळीची.” निंबोळी पेंडीचं पोतं घरात आलं की दोन खोल्या कडू होतात. या पोत्यांना काहीच वास नव्हता.

मंजुश्री वहिनी

२७ ऑगस्ट

अक्षरा,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे, भिंतीशी बोलायची मला सवय आहे.

मोठं वावर हिरवं झालं. इतकं काळंभोर हिरवं की अप्पा सकाळी बांधावर जाऊन आले आणि न्याहारीला दोन भाकरी जास्त खाल्ल्या. तू शेतकऱ्याची मुलगी आहेस, तुला आणखी सांगायला नको. ती पोती युरियाची होती.

हे बघ, युरिया काही विष नाही. लातूरला पदविका करताना आम्हाला हेच शिकवलं की पोटात शेणखत, हिरवळीचं खत आणि वरून बेताचा युरिया, पोटॅश, झिंक लागेल तसं, असं दोन्ही मिळून भात उत्तम येतो. कितीतरी शहाणे लोक तसंच करतात आणि रात्री नीट झोपतात. पण आपण पाटी लावली आहे. या तलावाखालच्या वीस घरांनी मिळून लिहून दिलं आहे की तीन वर्षं रासायनिक खताचा कण पडणार नाही. यंदा तिसरं वर्ष आहे. एकाने मोडलं तर वीसही जणांची मोजणी पहिल्यापासून. आणि ते लिहून घ्यायला घरोघर कोण फिरलं होतं? अप्पा.

आता जे लिहिते त्याच्यासाठी हे पत्र आहे. युरिया द्यायचा तर आधी वावरातलं पाणी उतरवतात, खत देऊन चिखलात कालवतात आणि दोन-तीन दिवस बांधाची तोंडं पक्की बंद ठेवतात. आपल्याकडे हे चोरून करायचं होतं. पहाटे उठून, भरल्या पाण्यातच मुठीने फेकलं गेलं. दुपारी जो पाऊस लागला तो संध्याकाळपर्यंत. तलावाचा सांडवा वाहिला, पाट फुगला आणि आपल्या बांधाचं तोंड फुटून सगळं पाणी नागुमावशींच्या वावरात उतरलं. आपल्या तलावाखाली सगळं असंच आहे ना, एकाचं पाणी दुसऱ्याच्या वावरातून जातं, स्वतंत्र पाट कुणालाच नाही.

आता त्यांच्या वावरात, जिथे आपलं पाणी पडतं तिथून, सुपाच्या आकाराचा एक काळा-हिरवा पट्टा पसरला आहे. पाण्यावर शेवाळ आलंय. बाकीचं वावर नेहमीचं, मध्येच तेवढाच डाग. बांधावर उभं राहिलं की डोळ्यांत खुपतो. आतापर्यंत कुणी काही बोललेलं नाही.

तू तुझ्या आनंदरावांना यातलं काही सांगू नकोस. किंवा सांग. मला खरंच कळत नाही.

वहिनी

१८ सप्टेंबर

अक्षरा,

मलप्पाला तू ओळखतेस, गटातला, पाटाच्या पलीकडचा. त्याला व्हिडिओ काढायची हौस. कुणाच्या बारशाला गेला तरी पाळण्याआधी फोन वर. त्याने तलावाच्या भिंतीवर उभं राहून आपल्या सगळ्यांच्या भाताचा व्हिडिओ काढला, मागे सनई लावली आणि टाकला सगळीकडे. तो फिरत फिरत नांदेडला, आपल्या गटाची तपासणी ज्यांच्याकडे आहे त्या ऑफिसात पोचला. तिथल्या साहेबांनी विचारलं, हा मधला डाग कसला?

गंमत बघ. आपलं वावर कडेपासून कडेपर्यंत सारखं काळंभोर, म्हणून ते ‘उत्तम पीक’. नागुमावशींचं मध्येच सुपासारखं काळं, म्हणून तो ‘संशय’. चोरी करायची तर पूर्ण करावी.

बैठक आपल्याच ओसरीवर झाली. नागुमावशींना निरोप गेला नव्हता. मी चहा घेऊन आले तेव्हा अमरनाथकाका बोलत होते. गटात अप्पांच्या खालोखाल त्यांचाच शब्द. ते म्हणाले, “पानी वरून आलंय हे आंधळ्याला बी दिसतंय, नागप्पा. आमी काय बोललो का? पन सायबाला काय तर सांगाव लागंल.” अप्पा जमिनीकडे बघत होते. काका पुढे म्हणाले, “एक घर कमी केलं तर गट ऱ्हातो. खरं सांगत बसलो तर वीस घरांची तीन वर्सं पान्यात. तुमीच सांगा, कोन शाना हे करंल?”

कुणीच शहाणा निघाला नाही. सगळ्यांना ठाऊक आहे अक्षरा, प्रत्येकाला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, इथे तर वीस मुठी आहेत. आणि बाहेर काढायला घर कुणाचं सापडलं, तर तळाचं. ज्यांच्या मुलाशी या घरच्या मुलीने रजिस्टर लग्न केलं त्यांचं. लग्नाचा राग काढायचा म्हणून अप्पांनी हे केलं असं मी म्हणणार नाही. पण ते घर निवडताना कुणाला जड गेलं असंही मला दिसलं नाही. सगळ्यांचे चहा वेळेवर संपले.

मग अप्पा म्हणाले, “सायबाफुडं मंजुश्री सांगंल. गटाची सचिव हाय, लातूरचं शिक्षान हाय. तिच्या शब्दाला मान देतेत.”

म्हणजे मी उभं राहून सांगायचं की नागुबाईंनी युरिया टाकला, मी स्वतः पाहिलं. मग त्यांना गटातून काढायचं, त्यांचं भात आपल्या भातात घ्यायचं नाही आणि त्यांनी पुन्हा कुठल्या गटात जायचं म्हटलं तर नावापुढे हा डाग. तुला आठवत असेल, नागुमावशींना गटात यायचंही नव्हतं. सलग जमीन हवी म्हणून अप्पांनीच बोलावलं होतं.

आणि मागच्या पत्रात मी ‘मुठीने फेकलं गेलं’ असं लिहिलं. ते असं आपोआप फेकलं जात नाही. अप्पांचे गुडघे चिखलात चालत नाहीत. तुझा दादा नांदेडला होता. मी फेकलं. घमेलं कमरेला लावून, तलावाच्या भिंतीकडून बांधापर्यंत, जसं शिकवलं होतं तसं सारखं. म्हणून तर वावर इतकं एकसारखं हिरवं झालं.

मंजुश्री

८ ऑक्टोबर

अक्षरा,

भात पोटरीत आहे, लोंबी अजून पोटातच, आणि मी अडकित्त्यातली सुपारी आहे.

गेल्या आठवड्यात अप्पांनी पुन्हा एक पोतं आणलं. “आता शेवटचं,” म्हणाले, “दाना भरंल.” मी म्हटलं, मी टाकणार नाही. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. खाली बसले आणि बुटाची नाडी सोडायला लागले. म्हणाले, “मग म्याच जातो. पडलो तर उचलाय ये.” आणि खरंच निघाले. अव्वा दारात उभ्या राहून माझ्याकडे बघत होत्या. मी अप्पांच्या हातातून घमेलं घेतलं. तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस हे मला सांग. पण तू माझ्या जागी नाहीस, तू वेळेवर निघालीस.

या वेळी मी पाणी उतरवून दिलं, नीट कालवलं आणि आपल्या बांधाचं तोंड दगड-मातीने घट्ट बुजवलं. म्हटलं एक थेंब खाली जाऊ देणार नाही. दुसऱ्या दिवशी गेले तर नागुमावशी त्यांच्या बाजूला उभ्या होत्या. त्यांच्या वावरातलं पाणी संपून चिखल उघडा पडायला लागला होता. पोटरीतल्या भाताला पाणी नाही मिळालं तर लोंबीत दाणाच भरत नाही. तोंड उघडलं तर युरिया त्यांच्या गळ्यात, बंद ठेवलं तर भात वाळणार. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.

त्या म्हणाल्या, “मंजू, पानी सोड माय.”

मी म्हटलं, “मावशी, आज नको. दोन दिवस थांबा.”

“दोन दिवस म्या थांबंन. ते थांबंल का?” असं म्हणून त्यांनी भाताकडे हात केला. मग हळूच म्हणाल्या, “म्हाईत हाय मला. पानी वरून खाली येतंय, म्या काय खालून वर न्हेलंय का? पन म्या बोलले तर सारे म्हनतील, लेकाच्या लग्नावरून डूख धरून राहिली. मला बी तोंड न्हाई आन् तुला बी न्हाई. त्या बांधाला हाय तेवढं तरी उघड.”

मी उघडलं. दोघींनी मिळून दगड काढले. पाणी खाली जाताना मी बघत होते आणि त्या माझ्याकडे बघत होत्या.

एक गोष्ट मला आधी ठाऊक नव्हती, तुला असेल. देवाचा वाफा म्हणजे आपल्या वावराचा सगळ्यात वरचा तुकडा, पाटाचं पहिलं पाणी पिणारा. तुझ्या पणजोबांपासून त्याच्यात शेणखत आणि पाल्याशिवाय काही पडलेलं नाही, कारण तिथल्या नव्या तांदळाचा नैवेद्य कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी महादेवाला जातो. हे सगळं माहीत होतं. पण आपल्याकडे जनावर नाही, मग त्या वाफ्यात शेणखत येतं कुठून हे मी कधी विचारलंच नव्हतं. नागुमावशींच्या उकिरड्यावरून येतं. तुझं लग्न झाल्यापासून अप्पा त्यांच्याशी बोलत नाहीत, पण चैत्रात त्यांची बैलगाडी खत टाकून जातेच. अप्पा तेवढ्यापुरते घरात जाऊन बसतात.

माहेरी जावं का असा विचार केला. उदगीरला माझ्या दादाला फोन केला, नुसतं म्हटलं की चार दिवस येते. तो म्हणाला, “ये की. पन कशापायी? भांडन झालं का? अप्पाला काय सांगू?” मी म्हटलं, राहू दे.

वहिनी

५ डिसेंबर

अक्षरा,

भात कापून, झोडपून घरात आलं. मोठ्या वावराचा उतारा चांगला पडला. नागुमावशींच्या त्या काळ्या पट्ट्यातलं भात मात्र माजून आडवं झालं होतं, लोळलेल्या लोंब्यांना कोंब फुटले. युरिया आमचा आणि नुकसान त्यांचं.

येत्या सोमवारी, कार्तिकातल्या शेवटच्या, नांदेडहून तपासणीवाले रविकिरण साहेब येणार आहेत. अप्पांनी मुद्दाम तोच दिवस सांगितला. तलावाजवळच्या महादेवाच्या देवळात गट जमेल, नव्या भाताचा नैवेद्य होईल, जेवणं होतील, आणि मग मी उभी राहून सांगायचं. वावरात आता नुसती धसकटं आहेत, त्यामुळे साहेबांना बघायला काही उरलेलं नाही. माझा शब्द तेवढा उरला आहे.

तुझ्या दादाशी बोलले. म्हटलं, मी हे बोलू शकत नाही. तो म्हणाला, “मग नको बोलूस.” मी म्हटलं, मग खरं सांगू? तर म्हणाला, “अप्पाची मान खाली जाईल गं सगळ्यांफुडं.” मी विचारलं, म्हणजे नक्की काय करू? तो टेम्पोची काच पुसायला लागला. ती काच इतकी स्वच्छ आहे अक्षरा, की तिच्यात आमचा संसार दिसतो.

एकोणीस घरं एका बाजूला. मलप्पाच्या बायकोने परवा पाण्यावर माझा हात धरला. म्हणाली, “ताई, तुमी कायतरी चांगलं सांगताल म्हनून धीर हाय.” तिचं काय चुकलं? तिने खरोखर तीन वर्षं एक दाणा युरिया टाकला नाही. खरं बोलले तर तिची तीन वर्षं मी बुडवते. खोटं बोलले तर नागुमावशींचं घर. गप्प राहिले तर अमरनाथकाका बोलतील, आणि माझं गप्प राहणं साक्ष ठरेल. मला भयंकर राग आला आहे. अप्पांचा, अमरनाथकाकांचा, तुझ्या दादाचा, तुझाही. तू एका सकाळी पिशवी घेऊन निघून गेलीस आणि हे सगळं घर मला आंदण दिलंस.

आता पिशवीचं. या पत्राबरोबर एक पिशवी येईल. तिच्यात देवाच्या वाफ्याचा तांदूळ आहे, सगळा. अव्वा तो दरवर्षी घरीच कांडतात, गिरणीत देत नाहीत. यंदाही कांडला. मी म्हटलं, अव्वा, हा मी अक्षराला पाठवते. मला वाटलं त्या ओरडतील. त्या सूप खाली ठेवून म्हणाल्या, “आन् सोमवारी देवाला?” मी म्हटलं, देवाला मोठ्या वावरातला. मग उठल्या आणि पिशवीचं तोंड त्यांनीच शिवलं.

पिशवी टेम्पोत ठेवली. तुझ्या दादाने काय आहे ते विचारलं नाही. मी पत्ता सांगायला लागले तर म्हणाला, “म्हाईत हाय. रेल्वे क्वार्टरच्या मागं, निळं गेट.” म्हणजे तो एक दिवसाआड तुझ्या गेटवरून जात होता. दार वाजवायची तेवढी छाती नव्हती.

मंजुश्री

२० डिसेंबर

अक्षरा,

तुला नागुमावशींकडून अर्धंमुर्धं कळलंच असेल. पूर्ण मी सांगते.

सोमवारी देवळात सगळे जमले. साहेब तिशीतले, नम्र, चटईवर मांडी घालून बसलेले. नागुमावशींना बोलावलं होतं, त्या खांबाला टेकून कडेला बसल्या होत्या. अप्पांनी अंघोळ करून विभूती लावली होती, गळ्यातलं इष्टलिंग हातात घेऊन पूजा केली. मी ताट आणून ठेवलं. पांढरा भात, वर दूध आणि गूळ. अप्पांनी ओंजळीत पाणी घेतलं, आता ताटाभोवती फिरवून सोडायचं.

मी म्हटलं, “अप्पा, हे देवाच्या वाफ्याचं नाही. मोठ्या वावरातलं आहे.”

मी मोठ्याने म्हटलं.

त्यांनी मान वर केली. “देवाचा तांदूळ कुठं हाय?”

“अक्षराला पाठवला.”

अप्पांसमोर दोन वर्षांत तुझं नाव कुणी घेतलं नव्हतं, आणि मी ते देवळात घेतलं. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मी म्हटलं, “काय फरक पडतो अप्पा? दोन्ही आपलंच, दोन्हीही सेंद्रियच. साहेब बसलेत. ठेवा नैवेद्य.”

अप्पांची ओंजळ तशीच. पाणी बोटांच्या फटींतून गळत होतं. अमरनाथकाका म्हणाले, “आवो ठेवा की, उशीर होऊन राहिला.” अप्पा हलले नाहीत. तेवढ्यात मागून अव्वा बोलल्या. चार माणसांत त्यांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. “ठेवा की. का थांबलाव?”

ओंजळ रिकामी झाली. अप्पांनी ते ओले हात धोतराला पुसले, ताट दोन्ही हातांनी उचललं आणि देवापासून बाजूला सरकवलं.

“ह्ये न्हाई चालत,” ते म्हणाले.

साहेबांनी साधेपणाने विचारलं, “का हो? काय झालं?”

मला वाटलं अप्पा काहीतरी सांगून वेळ मारून नेतील. त्यांना येतं ते. पण ते पिंडीकडे बघत होते. म्हणाले, “युरिया हाय ह्यात. माज्या वावरातला. बाईच्या वावरात बी माजाच उतरला. मानसाफुडं खोटं बोललो साहेब, इथं न्हाई बोलता येत.”

नागुमावशींनी पदर तोंडावर घेतला. मलप्पाचा फोन वर होता, तो त्याने खाली केला, एवढं मात्र त्याला सुचलं. मग मी उठून सांगितलं की युरिया मी फेकला, दोन्ही वेळा. नाही तर सगळं म्हाताऱ्याच्या डोक्यावर गेलं असतं, आणि ते खरं नव्हतं.

पुढचं काही गोड नाही. साहेब म्हणाले की नागुबाईंना काढायचा प्रश्नच नाही, पण पाणी एकमेकांच्या वावरातून जातं म्हणून सगळ्यांचीच मोजणी पहिल्यापासून. आमचं वावर बाहेर. पुढे गट ठेवायचा तर आमच्या कडेने खालच्या लोकांसाठी वेगळा पाट काढावा लागेल. ताटातला भात कुणी खाल्ला नाही. अमरनाथकाका जाता जाता माझ्याकडे न बघता म्हणाले, “घर फिरलं की वासे बी फिरतेत.” पाण्यावर बायका आता मला आधी भरू देतात. मान म्हणून नव्हे, माझ्याशेजारी उभं राहायला नको म्हणून. मलप्पाच्या बायकोने एकदाही वर बघितलेलं नाही. तिचं बरोबर आहे.

तुला वाटेल मी सुटले. कुठे सुटले? तेच घर, तीच चूल. अप्पा माझ्याशी बोलत नाहीत, मी वाढते, ते जेवतात. बांधावरची पाटी त्यांनी स्वतःच उतरवून आणली आणि टेम्पोमागे भिंतीला टेकवून ठेवली, फोटो आतल्या बाजूला करून. मी जाता-येता तिला ठेचकाळते. उदगीरला गेले तर पळाली म्हणतील, राहिले तर हे असं. तुझा दादाही फार बोलत नाही. पण मंगळवारी सकाळी तो टेम्पो न काढता कुदळ घेऊन गेला आणि आमच्या बांधाच्या कडेने नागुमावशींच्या वावरापर्यंत पाटाची आखणी करून खणायला लागला. अजून खणतोय. त्याच्या हाताला फोड आलेत, टेम्पोवाल्याचे हात ते.

परवा अप्पा काठी घेऊन बाहेर पडले. अव्वांनी मला मागे पाठवलं, गुडघे म्हणून. ते नागुमावशींच्या अंगणाबाहेर थांबले. दोन वर्षांत पहिल्यांदा. आत गेले नाहीत, हाकही मारली नाही, नुसते खाकरले. मावशी बाहेर आल्या. अप्पा म्हणाले, “वाफ्याला खत लागंल चैतात.” मावशी म्हणाल्या, “दरसाल देतेच की.” “तसं न्हाई,” अप्पा म्हणाले, “मागाय आलतो.” मावशींनी थोडा विचार केला. म्हणाल्या, “मागाय आलाव तर देते. पन ह्या बारीला आदी माज्या वावराला. उरंल ते देवाला.” अप्पा “बरं” म्हणाले आणि वळले. वाटेत मी दोन हात मागे, ते पुढे.

आणि हे काल संध्याकाळचं. मी ओसरीवर तांदूळ निवडत होते. अप्पा खाटेवर, भिंतीकडे तोंड करून. मला वाटलं झोपलेत. ते भिंतीलाच म्हणाले, “पोचलं का ते?”

मी विचारलं, काय?

“तांदूळ. लिव्हतीस नं तिला तू, इस्लापूरला जाऊन जाऊन.”

म्हटलं ना, त्यांना कान आहेत.

मग म्हणाले, “नव्या तांदळाला पानी कमी लागतंय. तिला म्हाईत न्हाई. लहानपनापास्नं पानी जास्त घालती ती, मग भाताचा चिखल होतो.” आणि पांघरूण वर ओढून घेत, “सांग तिला.”

तर सांगितलं. पाणी कमी घाल. आणि भात कसा झाला ते लिही. मला नको लिहूस, त्यांच्या नावाने लिही. आज पोस्टमन गल्लीत आला तेव्हा ते काठीशिवाय दारापर्यंत गेले होते.

वहिनी